यकृताची खरी हद्द

शस्त्रक्रियेच्या टेबलावरील या यकृताच्या उजव्या भागाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिमट्याने बंद केल्या आहेत. थोड्याच वेळात तेवढा भाग काळवंडतो आणि पित्ताशयाच्या खोबणीपासून मागे अधोमहानीलेपर्यंत, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या नीलेपर्यंत, जाणारी रेषा पृष्ठभागावर उमटते. विळ्याच्या आकाराचा जो बंध पूर्वी उजव्या-डाव्या खंडांची सीमा मानला जात असे, तो या रेषेच्या बराच डावीकडे आहे.

ही रेषा १८९७ मध्ये जेम्स कँटली या स्कॉटिश शल्यचिकित्सकांनी मांडली. हाँगकाँगमध्ये शवविच्छेदन करताना त्यांना उजवा भाग आक्रसलेले आणि डावा वाढलेले एक यकृत आढळले होते, आणि त्या दोहोंमधली हद्द पित्ताशयाजवळून जात होती. चिनी क्रांतीचे नेते सन यत-सेन यांचे शिक्षक म्हणून इतिहासाला ठाऊक असलेल्या या माणसाचे नाव आजही त्या रेषेला आहे.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रवेशिका नीला, म्हणजे पोर्टल व्हेन, आणते आणि उरलेले यकृत रोहिणी. या दोघींच्या शाखा पित्तनलिकेसह एकाच आवरणातून प्रत्येक विभागाच्या मध्यभागी शिरतात. रक्त परत नेणाऱ्या तीन मोठ्या यकृत नीला मात्र विभागांच्या सीमांवरून वाहतात. म्हणूनच सोनोग्राफीच्या पडद्यावर डॉक्टर आधी या तीन नीला शोधतात.

हे सारे मृतदेहांनी शिकवले, हे ठासून सांगायला हवे. हनोईत १९३०च्या दशकात तोन थात तुंग या तरुण डॉक्टरांनी सुमारे दोनशे यकृतांमधील ऊती हाताने खरवडून आतल्या वाहिन्या मोकळ्या केल्या. पुढे पॅरिसमध्ये क्लोद क्विनो या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी वाहिन्यांत घट्ट होणारा द्रव भरला, भोवतालची ऊती रसायनाने विरघळवली आणि आतले जाळे पोवळ्यासारखे उभे केले. असे शंभरावर साचे न्याहाळून त्यांनी १९५७ मध्ये यकृताचे आठ विभाग मांडले. त्यांतला पहिला, मागे दडलेला पुच्छखंड, दोन्ही बाजूंकडून रक्त घेतो आणि छोट्या नीलांवाटे ते थेट अधोमहानीलेत सोडतो. कँटलींच्या रेषेने त्याची वाटणी होत नाही.

या नकाशाच्या आधारे शल्यचिकित्सक गाठ असलेला विभाग तेवढाच काढू लागले आणि १९८९ मध्ये ब्रिस्बेनमध्ये एका आईच्या यकृताचा डावीकडचा भाग तिच्या मुलाला यशस्वीपणे बसवण्यात आला.