एका फुलापुरती चौकट

श्रोते मित्रहो, नमस्कार.

छायाचित्रांविषयी बोलायचे आणि एकही छायाचित्र दाखवायचे नाही, ही नभोवाणीची अट मला आज काहीशी सोयीचीच वाटते. फुलाचे चित्र घेताना खरे कष्ट पडतात ते कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी, नुसते पाहत राहण्यात. आणि पाहण्याविषयी शब्दांत बोलता येते.

साताऱ्याजवळचे कास पठार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. शहरापासून साधारण २५ किलोमीटरांवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर पसरलेला हा जांभ्या दगडाचा सडा आहे. त्यावरचा मातीचा थर इतका पातळ आहे की मोठ्या झाडांना तेथे पाय रोवता येत नाहीत, आणि म्हणून पावसाळा सरता सरता सगळे पठार लहानलहान वनस्पतींच्या हाती येते. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कासही आहे. तेथे गेलेला प्रत्येक जण फुलांच्या गालिच्याची छायाचित्रे घेऊन परततो. पहिल्या खेपेला मीही तेच केले. पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, गेंदाचे पांढरे ठिपके आणि माथ्यावर खाली उतरलेले ढग, अशी दीडशेच्या वर चित्रे मी घरी आणली. ती निवांतपणे पाहायला बसले तेव्हा ध्यानात आले की रंग तर भरपूर आले आहेत, पण एकाही फुलाची आणि माझी ओळख झालेली नाही. लग्नाच्या मांडवात सगळ्यांना नमस्कार करून यावे आणि कोणाशीच बोलणे झालेले नसावे, तसे काहीसे ते झाले होते.

पुढच्या वर्षी मी एकच फूल ठरवून गेले. सीतेची आसवे नावाची बोटभर उंचीची वनस्पती तेथे ओल्या कातळावर दाटीने उगवते. तिचे फूल जांभळे, नखाएवढे, आणि त्याच्या मध्यावर दोन पांढरे ठिपके असतात. उभ्याने पाहिले तर तो केवळ जांभळा धुरळा दिसतो. मी वाटेच्या कडेला प्लॅस्टिकचा कागद अंथरला, पालथी झाले आणि हनुवटी जमिनीला टेकवली, तेव्हा त्या फुलाची उंची आणि माझ्या डोळ्याची उंची प्रथमच एक झाली. मग जे दिसले ते निराळेच होते. वरची पाकळी मागे वळलेली, खालची पदरासारखी पसरलेली, आणि देठ इतका बारीक की फूल हवेतच टांगल्यासारखे भासावे. कॅमेरा वीतभर डावीकडे सरकवला तर मागे हिरव्या गवताची गर्दी येत होती; वीतभर उजवीकडे नेला तर मागे भिजलेला काळा कातळ येत होता आणि त्यावर ते एकटे फूल उजळून निघत होते. फुलात काहीच बदललेले नव्हते, बदलली होती ती त्याच्या मागची जागा. फुलाच्या छायाचित्राची निम्मी कला या मागच्या जागेत आहे, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे, आणि आमच्या क्षेत्रात लोक लेन्सविषयी जितके बोलतात त्याच्या दशांशही या जागेविषयी बोलत नाहीत.

तंत्राची एक अडचण मात्र सांगायलाच हवी, कारण तिच्यातूनच निवड करण्याची शिस्त लागते. अगदी जवळून चित्र घेण्याच्या मॅक्रो लेन्सने एखादी वस्तू तिच्या खऱ्या आकाराएवढी टिपायची म्हटली, तर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र, बरेच लहान करूनही स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा असतो. फुलाची पुढची पाकळी स्पष्ट हवी, की गळ्यातले ठिपके, की पराग, हे छायाचित्रकाराला ठरवावे लागते, कारण सगळे एकदम मिळत नाही. त्यात पठारावरचा वारा क्षणभर थांबत नाही. मी त्या दिवशी पाऊण तास पालथी पडून होते आणि हाती लागली ती तीन चित्रे. आकाश ढगाळ होते हे माझे नशीब. उन्हात फुलावर कठोर सावल्या पडतात, ढगांतून आलेला प्रकाश पाकळीच्या शिरांपर्यंत हळुवार पोचतो. त्या नाजूक फुलाच्या तळाशी, ओल्या मातीत, सूक्ष्म जीव पकडणाऱ्या इवल्याशा पिशव्या असतात, कारण ही वनस्पती कीटकभक्षी आहे. माझ्या चित्रात त्या दिसत नाहीत, पण त्या आहेत हे कळल्यानंतर मला ते चित्र पूर्वीसारखे गोड वाटेनासे झाले आणि अधिक आवडू लागले.

एकट्या फुलाला असे वेगळे काढून पाहण्याची वाट पूर्वी ज्यांनी चोखाळली, त्यांत कार्ल ब्लॉसफेल्ट या जर्मन शिक्षकाचे नाव मला सर्वांत जवळचे वाटते. त्यांचा जन्म १८६५चा. तरुणपणी ते लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात उमेदवारी करत होते, आणि पुढे बर्लिनच्या कलाशाळेत त्यांनी तीस वर्षांच्या आसपास वनस्पतींच्या आकारांवरून नक्षी घडवायला शिकवले. विद्यार्थ्यांना कळ्या, देठ आणि बोंडे मोठी करून दाखवता यावीत म्हणून ते घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने त्यांची छायाचित्रे घेत, काही तर मूळ आकाराच्या तीसपट मोठी. फुलवाल्याच्या दुकानातली फुले त्यांना नको असत. रस्त्याकडेचे आणि पडीक जागेतले तण ते गोळा करत, नको ती पाने छाटत आणि साध्या कागदी पार्श्वभूमीसमोर उभे करत. नेच्याचे गुंडाळलेले कोंब त्यांच्या चित्रांत घडीव लोखंडी जाळीच्या वेलबुट्टीसारखे दिसतात, आणि हे पाहणारा डोळा लोखंडाचे ओतकाम शिकलेल्या माणसाचा होता हे ठाऊक असले की त्याचे नवल वाटत नाही. १९२८ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि साठी उलटलेला हा मास्तर एकाएकी कलावंत म्हणून ओळखला जाऊ लागला. चारच वर्षांनी त्यांचे निधन झाले. आपल्या सह्याद्रीत जुलै महिन्यात दगडांच्या फटींतून नेच्याचे असेच गुंडाळलेले कोंब वर येतात, आणि घाटात गाडी थांबवून आपण मात्र धबधब्याचा फोटो घेतो.

अमेरिकेतील इमोजेन कनिंगहॅम यांची गोष्ट आणखी घरगुती आहे. त्या रसायनशास्त्र शिकलेल्या होत्या आणि छायाचित्रणाचा व्यवसायही करत होत्या, पण १९२०च्या दशकात तीन लहान मुलांमुळे त्यांना घर सोडता येईना. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरच्या बागेकडे त्यांनी कॅमेरा वळवला. मॅग्नोलियाच्या फुलाचे त्यांचे १९२५चे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात कॅमेरा इतका जवळ गेला आहे की पाकळ्या चौकटीबाहेर निघून जातात आणि मधोमध केसरांचा शंकू तेवढा राहतो. मुलांची झोप आणि दुपारचा प्रकाश यांची सांगड घालून हे काम त्यांनी कसे केले असेल, याची कल्पना आपल्याकडच्या अनेक बायकांना सहज करता येईल.

ही दोन्ही कामे कृष्णधवल आहेत. फुलातून रंगच काढून घ्यायचा, हे ऐकायला विचित्र वाटते. मी एकदा तांबड्या जास्वंदीचे कृष्णधवल चित्र केले, तर लाल पाकळी आणि हिरवे पान जवळजवळ एकाच करड्या छटेचे झाले आणि फूल पानांत हरवून गेले. मग पानांवर सावली पडेपर्यंत थांबून पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा पाकळीवरच्या चुण्या आणि बाहेर झेपावलेला केसरांचा दांडा दिसला. रोज देवाला वाहूनही तो मी कधी नीट पाहिला नव्हता. याच्या उलट सोनकीसारखे भडक पिवळे फूल रंगीत टिपताना कॅमेरा दमतो, पाकळ्यांचा नुसता पिवळा डाग होतो, आणि प्रकाश मुद्दाम थोडा कमी घ्यावा लागतो. काही जण अशा वेळी फुलावर फवारणीच्या बाटलीने पाणी मारतात आणि दवबिंदूंचे चित्र म्हणून मिरवतात. घरच्या कुंडीतल्या फुलाशी ज्याने त्याने काय हवे ते करावे, पण पठारावर चौकट साफ दिसावी म्हणून शेजारची रोपे उपटणारे किंवा फुलांत बसकण मारणारे पाहिले की मला त्यांचे चित्र कितीही देखणे असले तरी पाहवत नाही.

कासला जाणे सर्वांना जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आमच्या अंगणात पारिजातक आहे. रात्री उमलून पहाटे तो आपणहून सडा घालतो, म्हणून त्याचे फूल तोडावेही लागत नाही. गेल्या शरदात एका सकाळी मी त्यातली तीन फुले शाळेच्या जुन्या पाटीवर ठेवली आणि पाटी स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या खिडकीशी नेली. काळ्या पाटीवर पाकळ्या भिंगरीसारख्या एका अंगाला वळलेल्या दिसत होत्या, आणि एक फूल पालथे पडल्यामुळे त्याचा केशरी देठ वर आला होता. एका बाजूने येणाऱ्या उजेडात दुसरी बाजू फार काळवंडत होती, म्हणून तिकडे मी एक पांढरी थाळी उभी करून धरली. सात वाजल्यापासून दर अर्ध्या तासाने मी एकेक चित्र घेत गेले. पहिल्या चित्रातली फुले अगदी ताजी आहेत, आणि पाहुण्यांना तेच चित्र आवडते. साडेदहाच्या सुमारास पाकळ्यांच्या कडा आत दुमडल्या, त्यांचा पांढरेपणा जाऊन त्या तेलकट कागदासारख्या झाल्या, आणि देठाचा केशरी रंग पाटीवरच्या ओलीत किंचित उतरला. मी भिंतीवर लावले आहे ते हे साडेदहाचे चित्र.

नमस्कार.