पिवळ्या शेतावरचे फटकारे

नमस्कार श्रोतेहो.

चित्राबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे पंचाईतच. तेव्हा असं करा, बोट हवेत धरा आणि आखूड, तिरक्या रेघा ओढा, भराभर, एकीला चिकटून दुसरी. हे झालं गव्हाचं शेत. आता मनगट सैल सोडून रुंद फटकारे मारा, ते आभाळ. आणि मधूनमधून काळे, मोडके कोन. ते कावळे.

डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं हे चित्र 1890च्या जुलैत, पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी रंगवलं. उंची अर्धा मीटर, रुंदी साधारण दुप्पट. शेतात तीन वाटा दिसतात, त्यातली मधली गव्हातच हरवते. महिना संपायच्या आत तो गेला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. मग काय, हेच त्याचं शेवटचं चित्र, अशी दंतकथा रुजली. ती खरी नाही. अभ्यासक तो मान झाडांच्या मुळांच्या एका चित्राला देतात. पण कावळा दिसला की आपल्यालाही आधी पिंडच आठवतो ना! दारात ओरडला तर पाहुणा येतो, हे नंतर.

त्या दिवसांतल्या मोठ्या शेतचित्रांबद्दल त्यानं भाऊ थिओ आणि वहिनीला लिहिलं, की वादळी आभाळाखालच्या या अफाट शेतांमधून मी दुःख आणि टोकाचं एकटेपण मांडायचा प्रयत्न केलाय. लोक इथंच पत्र मिटतात. पुढे तो म्हणतो, खेड्यात मला जे निरोगी आणि बळ देणारं वाटतं, तेही ही चित्रं सांगतील. दोन्ही एकाच पत्रात.

मला राग येतो तो 'वेडाच्या भरात मारलेले फटकारे' या शब्दांचा. दोन वर्षं आधी, दक्षिण फ्रान्समधल्या आर्लहून, त्यानंच थिओला लिहिलं होतं की चित्रं झटपट होतात, पण हिशेब फार आधी मांडलेला असतो. घाईत रंगवलंय असं कुणी म्हणालं, तर सांग, तुम्हीच घाईत पाहिलंत. इथंही पिवळ्यावर निळं आभाळ चढवलंय. तांबड्या वाटेला हिरव्याची कड दिलीय, म्हणून तांबडा पेटतो. रंगाचा थर इतका जाड, की कुंचल्याच्या केसांचे चर त्यात राहिलेत. छापील प्रतीत हे सगळं सपाट होऊन जातं.

एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. ते कावळे आपल्याकडे येताहेत की दूर चाललेत? दोन-दोन फटकाऱ्यांचे पक्षी. बघत बसलं की कधी येताना दिसतात, कधी जाताना.