जुन्या गाडीची थरथर : इंजिन खोलण्याआधी

जुनी मोटरसायकल घेऊन माणूस येतो आणि म्हणतो, "व्हायब्रेशन फार आहे, इंजिन खोला." मी आधी विचारतो, पहिल्यापासून आहे की हल्ली वाढलंय? या एका प्रश्नावर अर्धं काम होतं.

कारण एका सिलिंडरचं इंजिन थरथरणारच. पिस्टन वर जाऊन थांबतो, खाली येऊन थांबतो, प्रत्येक फेऱ्यात दोनदा. त्याचा झटका मारायला क्रँकला, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणाऱ्या दांड्याला, उलट बाजूने वजन ठेवलेलं असतं. पिस्टनच्या पूर्ण वजनाइतकं ठेवलं, तर वर-खालीचा हादरा जातो, पण तेवढाच हादरा पुढे-मागे सुरू होतो. म्हणून कंपन्या साधारण निम्म्यावर तडजोड करतात. बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे हादरा मारायला उलटा फिरणारा वेगळा वजनदार दांडा, नसलेल्या जुन्या गाडीत थरथर संपवलेली नसते, वाटून दिलेली असते. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की शोधायची ती थरथर नव्हे, तिच्यात झालेला बदल.

आता ती इंजिनाची की चाकाची? मोकळ्या, सरळ रस्त्यावर ज्या वेगाला त्रास होतो तिथे गाडी न्या, क्लच दाबा आणि थ्रॉटल सोडा. इंजिन मंदावताच थरथर गेली तर इंजिनाकडे बघा. तशीच राहिली आणि गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू विरली, तर टायर, रिम, चेन. मग गाडी उभी करून न्यूट्रलला तेवढेच आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला तेवढेच फेरे, द्या. उभ्या गाडीतही आली तर चाक संशयातून सुटलं.

हातालाही हा फरक कळतो. ताशी 60 किलोमीटरला चाक सेकंदाला आठ-नऊ फेरे मारतं, तर 4200 आरपीएमला इंजिन 70. चाकाचा दोष म्हणजे डुलणं, जवळजवळ मोजता येईल असं. इंजिनाचा दोष म्हणजे तळहाताला मुंग्या. चेन मात्र फसवते. मागच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राला, 42 दात असतील तर त्याच वेगाला सेकंदाला साडेतीनशेच्या वर दात चेनमधून जातात. झिजलेल्या चेन-सेटची गुणगुण थेट फुटरेस्टमध्ये येते आणि शपथेवर सांगावं इतकी इंजिनाची वाटते. क्लचची परीक्षा त्यासाठीच. मागचं चाक उचलून हाताने फिरवा. चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली झाली, तर ती सगळीकडे सारखी ताणलेली नाही.

आणखी एक गोष्ट बघा. आरपीएम दुप्पट केले की असंतुलनाचा जोर चौपट होतो. म्हणजे खरा असंतुलनाचा दोष आरपीएमबरोबर वाढतच जातो. पण थरथर ठराविक आरपीएमलाच येऊन पुढे गायब होत असेल, तर कुठला तरी भाग त्या ठोक्याला साथ देतोय. सायलेन्सरचा ब्रॅकेट, मडगार्ड, कधी साधा आरसा. चालू इंजिनावर तो भाग हाताने दाबून बघा. सायलेन्सर नव्हे हं, तो थंड असताना नंतर बघा!

इंजिनाकडे आलो की पहिला मान फाउंडेशन बोल्टचा, म्हणजे इंजिन फ्रेमला धरणाऱ्या बोल्टचा. पाना लावण्याआधी टॉर्च मारा. बोल्टच्या डोक्याभोवती आणि फ्रेमच्या पट्टीला विटकरी रंगाची बारीक पूड दिसते का? साधा गंज पसरट असतो. ही पूड दोन धातू एकमेकांवर घासून निघालेली असते. बोल्ट घट्ट लागतोय पण पूड आहे, तर भोक लंबगोल झालंय नाहीतर आतला स्पेसर, म्हणजे फट भरणारा तुकडा, गायब आहे.

माझंच सांगतो. एका गाडीची थरथर जाईना म्हणून मी पूर्ण इंजिन उतरवलं, क्रँकचे बेअरिंग बदलले, चार दिवस घातले. परत बसवताना एका कानात, म्हणजे इंजिनाचा बोल्ट जातो त्या पट्टीपाशी, दोन मिलिमीटरची फट दिसली. आधीच्या कुणीतरी स्पेसर न घालता बोल्ट पिळून फ्रेमच ओढून घेतली होती. वॉशर घालून फट भरली आणि थरथर गेली. बेअरिंग चांगलेच होते. तेव्हापासून सगळे बोल्ट आधी हाताने, फट बघत, आणि मग थोडे थोडे आळीपाळीने आवळतो.

दोन सिलिंडरची गाडी असेल तर थंड इंजिन चालू करून लगेच दोन्ही एक्झॉस्ट पाइपवर पाण्याचे थेंब टाका. एकावर चुर्र झालं आणि दुसऱ्यावर ओघळ, तर एक सिलिंडर जळतच नाहीये. प्लग बघा, कार्बोरेटर बघा.

आणि इंजिन नुकतंच उघडून झालं असेल, तर थरथर त्या कामातून आलीय असंच धरून चाला. पिस्टन वेगळ्या वजनाचा पडला? बॅलन्सरच्या गिअरवरची खूण एक दात सरकली? एका दाताने गाडी ओळखू येत नाही.

क्रँक सर्वांत शेवटी. मॅग्नेटोचं (क्रँकच्या टोकावर वीज तयार करणाऱ्या भागाचं) कव्हर काढा, त्याचा फिरणारा रोटर दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली हलवा. शाफ्टच्या दिशेने आत-बाहेर जरा सरकला तर ते बहुतेक इंजिनांत चालतं. वर-खाली खेळ जाणवला तर मात्र बेअरिंग गेलं, आणि मग खुशाल इंजिन उतरवा.

ही समोरची गाडी मी मुद्दाम बिघडवून आणलीय. या, दोघं जण पुढे या. एकाने हँडल धरा, एकाने टॉर्च.