न्यूजरूममधला बिननावाचा माणूस

मित्रहो, आत्ता आपण दिग्दर्शक बिली वाइल्डरचा 'एस इन द होल' पाहिला. १९५१चा चित्रपट. कर्क डग्लसने केलेला बातमीदार चक टेटम डोक्यातून जात नाही, माझ्याही जात नाही. पण मला आज दुसऱ्याच माणसाबद्दल बोलायचंय.

सुरुवातीचा प्रसंग आठवा. टेटम न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत शिरतो. समोर एक नेटिव्ह अमेरिकन कर्मचारी. टेटम त्याला म्हणतो, 'हाऊ'. काउबॉयपटांतल्या 'इंडियन'ला हॉलिवूडने चिकटवलेलं अभिवादन ते. तो माणूस शांतपणे उत्तरतो, 'गुड आफ्टरनून, सर.'

तीन शब्दांत टेटमचा उद्धटपणा उघडा पडतो. वाइल्डर हा व्हिएन्ना-बर्लिनमध्ये बातमीदारी केलेला आणि हिटलर सत्तेवर येताच १९३३ साली जर्मनी सोडावी लागलेला ज्यू. वंशावरून हिणवणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. म्हणूनच पुढचं मला जास्त लागतं. कारण या माणसाला नाव नाही. लिहायला टेबल नाही. तो टेटमचं खाणं आणून देतो. आणि ही भूमिका करणारा आयर्न आइज कोडीही नेटिव्ह नव्हता. तो लुइझियानात, सिसिलीहून आलेल्या आईबापांच्या पोटी जन्मला. १९९६ साली न्यू ऑर्लीन्सच्या वर्तमानपत्राने हे छापलं, तरी त्याने शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

आता सांगा, ज्याच्या अडकण्याची बातमी टेटम करतो, तो लिओ मिनोसा डोंगराच्या पोटात गेला कशाला? जुनी इंडियन मडकी काढायला. तो डोंगर त्या लोकांना पवित्र. त्यावर टेटम शापाची बातमी रचतो आणि देशभर विकतो. कचेरीतल्या त्या माणसाला मात्र कुणी एका शब्दाने विचारत नाही, की बाबा, तुमच्याकडे या डोंगराबद्दल काय सांगतात? मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर वर्षं काढलीत. बातमी ज्या वस्तीतली, तिथलाच माणूस आपल्याला चहा आणून देत असतो, आणि आपण फोन लावतो साहेबाला. हे मी स्वतः केलंय. आजही त्याची टोचणी आहे.

खरं तर त्या भागात तेव्हा केवढं घडत होतं! अल्बुकर्कीच्या अगदी शेजारी इस्लेटा प्वेब्लो ही नेटिव्ह लोकांची वस्ती आहे. तिथले मिगेल ट्रुहियो हे शिक्षक, मरीन म्हणून सैन्यात राहून आलेले. त्यांना मतदार म्हणून नोंदवून घेईनात. ते कोर्टात गेले, आणि १९४८ साली न्यू मेक्सिकोतल्या नेटिव्ह लोकांना मताचा हक्क मिळाला. चित्रपटाच्या अवघी तीन वर्षं आधी. वर्तमानपत्रांच्या खऱ्या कचेऱ्यांचीही चित्रपटातल्यासारखीच तऱ्हा होती. 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये पहिला पूर्णवेळ कृष्णवर्णीय बातमीदार, सिमियन बुकर, आला तो १९५२ साली.

आपण तो पहिला प्रसंग पुन्हा लावणार आहोत. या वेळी टेटमकडे पाहू नका. 'सर' म्हणून झाल्यावर त्या माणसाचा चेहरा पाहा, आणि कॅमेरा त्याच्यावर किती वेळ थांबतो तेही.