भुरीला बघायला माणसं येतात

[दृश्य: इंदिरानगर, सकाळ. तळमजल्यावरच्या फ्लॅटचं जाळीचं दार.]

नाशिकच्या इंदिरानगरातल्या या दाराची बेल वाजली की आतून तीन कुत्री भुंकतात. चौथी पलंगाखालून फक्त नाक बाहेर काढते. ती भुरी. आज तिला बघायला माणसं यायची आहेत. कांदेपोहे नाहीत, पण कार्यक्रम बघण्याचाच. फरक एवढाच की इथे प्रश्न मुलीकडचे विचारतात.

मुलीकडच्या म्हणजे ताई. त्यांचं घर हे फॉस्टर होम, रस्त्यावरून उचललेल्या कुत्र्यांचा कायमचं घर मिळेपर्यंतचा मुक्काम. भुरी सापडली तेव्हा गोचीड-तापाने पार मरगळलेली होती. या तापात रक्तातल्या प्लेटलेट घसरतात, पण वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर कुत्रं सावरतं. भुरी सावरली. रेबीजची लस झाली, नसबंदीही झाली. कानाच्या टोकाला दिसते ती खाच त्याचीच खूण.

[दृश्य: सोफ्यावर काका-काकू. टीपॉयवर अर्ज.]

दिवसभर घरात कोण असतं? गावाला गेलात तर हिला कोण बघणार? सोसायटीचं काय? शेवटच्या प्रश्नावर काका अडखळतात. खरं तर अडखळायचं कारण नाही. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही.

मग काकू मुद्द्याचं विचारतात, "चावत नाही ना हो ही? गरीब वाटते."

"नुसती गप्प आहे म्हणून गरीब समजू नका, काकू. घाबरलेलं कुत्रंही गप्पच असतं."

झोप आलेली नसताना जांभया देणं, सारखे ओठ चाटणं, तोंड फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं, ही सगळी भीतीची लक्षणं. अशा वेळी लाडाने डोक्यावर हात ठेवायला गेलं, तर गरिबातलं गरीब कुत्रंही दात दाखवेल. भुरीनेही आल्या आल्या दाखवले होते.

[दृश्य: क्लोजअप. हात, पोळीचा तुकडा, भुरीचं तोंड.]

आता हे बघा. ताई जमिनीवर बसून तुकडा पुढे धरतात, तिच्याकडे न बघता. भुरी मागचे पाय पलंगाखालीच ठेवून मान लांब करते आणि नुसत्या ओठांनी तुकडा उचलते. बोटाला दात लागत नाही.

जेवताना तिच्या ताटलीला हात लावला तरी ती गुरगुरत नाही. मांजर अंगावरून गेली तरी चालते. झाडू उचलला मात्र, की भुरी गायब! पिंजऱ्यात ठेवलेल्या कुत्र्याबद्दल हे कोण सांगणार? त्यासाठी घरात केर काढला जावा लागतो. फॉस्टरकडून कुत्रं घ्यायचं ते या माहितीसाठी. रंगरूप काय, फोटोतही दिसतं.

नव्या घरी तीन दिवस बावरलेपण, तीन आठवड्यांत घरची वेळ-सवय, तीन महिन्यांत पुरतं रुळणं, असा एक ठोकताळा कुत्री पाळणारे सांगतात. कुत्र्यांनी तो वाचलेला नसतो. तोवर बाहेर नेताना गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, दोन्ही हवेत. बुजलेलं कुत्रं मान मागे खेचून नुसत्या पट्ट्यातून सहज निसटतं.

नाशिककरांना आणखी एक ताकीद. हंगामात आपल्याकडे घरोघरी द्राक्षं येऊन पडतात. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर, ते आधी सांगता येत नाही. एक मणीही खाली पडू द्यायचा नाही.

[दृश्य: अर्जाचं शेवटचं पान.]

शेवटची अट ठळक अक्षरांत आहे. जमलं नाही तर कुत्रं रस्त्यावर सोडायचं नाही, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, इथेच परत आणायचं. काका ती दोनदा वाचून सही करतात.

"रात्री काय देता हिला?"

"दहीभात, काका. मीठ घालू नका. आणि झाडू तेवढा तिच्यासमोर नको."