निकलोडियनचा नारिंगी डाग

(हातात कात्री, समोर नारिंगी घोटीव कागद)

हा बघा, घोटीव कागद. पट्टी नाही, पेन्सिल नाही, कात्री जाईल तसा कापतोय... झालं. आता हे काय आहे? बटाटा म्हणा, बेडूक म्हणा, शर्टावर सांडलेलं पन्हं म्हणा. यावर पांढऱ्या गुबगुबीत अक्षरांत 'निकलोडियन' लिहायचं, की झाला त्या मुलांच्या टीव्ही चॅनलचा लोगो! थट्टा नाही करत. १९८४ ते २००९, तब्बल पंचवीस वर्षं हे असंच चाललं.

त्याआधीची गंमत ऐका. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबसमध्ये १९७७ साली केबलवर 'पिनव्हील' नावाचं मुलांचं चॅनल सुरू झालं. १९७९ मध्ये त्याचंच निकलोडियन झालं. निकल म्हणजे पाच सेंटचं नाणं. शंभरेक वर्षांपूर्वी तेवढ्यात सिनेमा दाखवणाऱ्या थिएटरांना निकलोडियन म्हणायचे. म्हणून पहिल्या लोगोत काय, तर एक माणूस वाकून खोक्यात डोकावतोय. आपला बायोस्कोपवाला आठवा. पण टीव्हीसमोरच्या सहा वर्षांच्या पोराला त्याचं काय? मग १९८१ मध्ये रंगीत अक्षरं आणि चंदेरी गोळा आला. चकचकीत होता, बस.

१९८४ मध्ये चॅनलनं फ्रेड सायबर्ट आणि अॅलन गुडमन यांना बोलावलं. दोघंही एमटीव्ही या गाण्यांच्या चॅनलमधून आलेले. एमटीव्हीच्या लोगोत बाह्यरेषा तीच, आतलं रंगकाम सतत बदलतं. इथे टॉम कोरी आणि स्कॉट नॅश या डिझायनरांनी बरोब्बर उलटं केलं. रंग पक्का, अक्षरं पक्की, आकाराला मात्र मोकाट सोडलं! कधी पाऊल, कधी मासा, कधी डायनासोर, कधी नुसता शिंतोडा.

आणि नारिंगीच का? कारण तो कशाशीच जुळवून घेत नाही. (कापलेला कागद निळ्या पडद्यावर धरत) हे बघा, डोळ्यात घुसतो की नाही? अजून वाचता न येणारं पोरसुद्धा खोलीच्या त्या टोकावरून ओळखेल.

भारतात हे चॅनल १९९९ मध्ये आलं, म्हणजे आपल्या वाट्याला आला तो हाच डाग. २००९ मध्ये तो पुसून नुसती नारिंगी अक्षरं ठेवली. नीटनेटकी, शाळेच्या गणवेशासारखी. मला नाही आवडली. २०२३ मध्ये डाग परत आणला.

आता माझा बेडूक भिंतीवर चिकटवतो. खळ कुठे गेली?