धडगाव आणि डोंग : घड्याळ एक, ऊन वेगळं

(दृश्य : धडगावजवळचा पाडा. काळोख. पेटलेली चूल.)

२१ डिसेंबर, पहाटेचे ५ वाजून ५० मिनिटं. सातपुड्यातल्या या पाड्यावर अजून अंधार आहे. सूर्य उगवायला सव्वा तास अवकाश आहे. मात्र अरुणाचलच्या अंजाव जिल्ह्यात, डोंग गावी, तो याच मिनिटाला क्षितिजावर येतो. दोन्हीकडच्या मोबाइलवर वेळ एकच.

पृथ्वीला एक अंश रेखांश फिरायला ४ मिनिटं लागतात. धडगाव ७४ अंशांच्या जरा पुढे, डोंग ९७ अंशांवर. म्हणजे दीड तासाचं अंतर. भारताचं घड्याळ लावलंय मिर्झापूरजवळच्या ८२ अंश ३० मिनिटांच्या रेखावृत्तावर. म्हणून धडगावची खरी माध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच येण्याची वेळ, सरासरी १२:३३ ला होते, डोंगची ११:०२ ला.

(दृश्य : लोहित नदीचं खोरं.)

पण दीड तास धरून उगवतीचा हिशेब केला, तर तो चुकतो. डोंग बरंच उत्तरेला आहे, त्यामुळे तिथला उन्हाळ्याचा दिवस आपल्यापेक्षा मोठा आणि हिवाळ्याचा लहान. जूनअखेरीस डोंगला सूर्य ४ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास उगवतो, धडगावला ५:५० ला. फरक पावणेदोन तासांचा. डिसेंबरात उगवतीतला फरक सव्वा तासावर येतो, आणि मावळतीतला पावणेदोन तासांवर जातो. हे आकडे सपाट क्षितिजाचे. खोऱ्यात ऊन डोंगराआडून उशिरा येतं, म्हणून पहिली किरणं पाहायला लोक जवळच्या वालाँग गावाहून रात्री तीनच्या सुमारास चढायला लागतात.

डोंगच्या मेयोर जमातीतल्या कुटुंबांचा हिवाळ्यातला दिवस दुपारी सव्वाचारच्या आतच मावळतो. कार्यालयं तेव्हा उघडीच असतात, दिवे लावून. इकडे धडगाव-मोलगीत मे महिन्यात सातनंतर सूर्य बुडतो. आमचुरासाठी कैरीचे काप वाळत घालणाऱ्यांना कलतं का होईना, ऊन उशिरापर्यंत मिळतं.

आसामच्या चहामळ्यांनी यावर जुना तोडगा काढलाय : 'बागान टाइम', घड्याळ एक तास पुढे. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये देशासाठी दोन वेगवेगळ्या प्रमाणवेळा सुचवल्या. रेल्वेची वेळ एकच राहू द्या, पण शाळा आणि कार्यालयं तिथल्या उन्हाप्रमाणे भरली पाहिजेत, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

(दृश्य : अंगण, काठी, दोरी.)

आपल्या गावची माध्यान्ह अंगणात काढता येते. सपाट जागी मीटरभर काठी ओळंब्यानं सरळ रोवा. सकाळी दहाच्या सुमारास सावलीच्या टोकाइतकी दोरी घेऊन काठीभोवती वर्तुळ आखा, वेळ लिहा. दुपारी टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल, ती वेळही लिहा. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ म्हणजे माध्यान्ह. काठी कलली किंवा अंगणाला उतार असला, की उत्तर बिघडतं. तारखेनंही ते बदलतं. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेली, म्हणून धडगावात नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१७ येतील, फेब्रुवारीच्या मध्यात १२:४७.

मेअखेरीस आणि जुलैच्या मध्यात धडगावचा सूर्य अगदी माथ्यावर येतो. माध्यान्हीला सावली काठीच्या बुडाशी विरते. डोंगला असं कधीच घडत नाही. ते कर्कवृत्ताच्या पार उत्तरेला आहे.